‘बॉयहूड’ आणि बालपण : एका संज्ञेच्या नेमक्या वापराविषयी

मराठी आत्मचरित्रे, आत्मकथने आणि बालनिवेदकाच्या मुखातून सांगितलेल्या कथा-कादंबऱ्या यांवरील लघुशोधप्रबंधांत आणि समीक्षालेखांत ‘बॉयहूड’ हा इंग्रजी शब्द अलीकडे वरचेवर भेटतो. ‘नायकाचे बॉयहूड’, ‘बॉयहूडमधील अनुभव’, ‘ग्रामीण बॉयहूडचे चित्रण’ अशा शब्दयोजना तर रूढच झाल्या आहेत. क्वचित ‘स्त्री-आत्मकथनांतील बॉयहूड’ असाही मथळा नजरेस पडतो. परीक्षक त्यावर लाल रेघ ओढतात आणि वर ‘चाइल्डहूड’ असे लिहून मोकळे होतात. दुरुस्ती योग्यच असते, पण ती अपुरी असते. शब्द चुकला एवढेच तीतून कळते. तो का चुकला आणि बरोबर वापरला असता तर काय हाती लागले असते, हे प्रश्न तसेच राहतात. या दोन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे. तो केवळ इंग्रजी शुद्धलेखनाचा प्रश्न नसून मराठी वाङ्मयाच्या एका मोठ्या भागाकडे आपण कोणत्या दृष्टीने पाहतो, याच्याशी त्याचा संबंध आहे, असे आम्हांस वाटते.

प्रथम शब्दाकडे पाहू. ‘हूड’ हा प्रत्यय जुन्या इंग्रजीतील ‘हाड’ या शब्दापासून आलेला असून त्याचा अर्थ अवस्था, दर्जा, स्थिती असा होता. ‘चाइल्डहूड’ हा शब्द जुन्या इंग्रजीइतका प्राचीन आहे, तर ‘बॉयहूड’ त्या मानाने बराच अलीकडचा. खुद्द ‘बॉय’ या शब्दाचा इतिहास लक्षणीय आहे. मध्ययुगीन इंग्रजीत तो प्रथम आढळतो तो चाकर, हलका माणूस या अर्थाने. ‘लहान पुरुषव्यक्ती’ हा अर्थ त्याला मागाहून चिकटला. उलट ‘गर्ल’ हा शब्द त्या काळी मुलगा आणि मुलगी या दोहोंसाठी चाले. आज ‘लबाड’ या अर्थाने उरलेला ‘नेव्ह’ हा शब्द मुळात ‘मुलगा’ याच अर्थाचा होता. मुलगा, मग चाकर, मग लबाड असा त्याचा प्रवास झाला. लॅटिनमधील ‘पुएर’ आणि ग्रीकमधील ‘पाइस’ हे शब्दही मूल आणि गुलाम या दोन्ही अर्थांनी वापरले जात. वय आणि हुकमाखाली असणे यांची ही सांगड युरोपीय भाषांपुरती नाही. मराठीतील ‘पोर’ आणि ‘पोऱ्या’ यांच्याकडे पाहिले तरी ती दिसते. त्याकडे पुढे वळू.

आज इंग्रजीत ‘बॉयहूड’ दोन वेगळ्या कामांसाठी वापरला जातो आणि गोंधळाचे मूळ तेथेच आहे. एक उपयोग वयाचा टप्पा दाखविण्याचा. टॉलस्टॉयच्या आत्मचरित्रपर त्रयीतील १८५२, १८५४ आणि १८५७ या वर्षी प्रसिद्ध झालेले तीन भाग इंग्रजीत ‘चाइल्डहूड’, ‘बॉयहूड’ आणि ‘यूथ’ या नावांनी ओळखले जातात. यांतील मधल्या भागाचे रशियन नाव ‘ओत्रोचेस्त्व’. बालपण आणि तारुण्य यांच्या मधले वय, एवढेच त्या शब्दाने सुचते. त्यासाठी काही अनुवादकांनी पौगंडावस्थेचा वाचक असा दुसरा इंग्रजी शब्दही योजला आहे. म्हणजे इंग्रजी वाचकाला ‘बॉयहूड’ हा शब्द जेथे भेटतो तेथे मुळात भर वयावर आहे. निकोलेन्का हा मुलगा असल्यामुळे अनुवादात लिंग आपोआप चिकटले. दुसरा उपयोग याहून वेगळा. जे. एम. कूट्सी यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या बालपणाच्या आठवणींना ‘बॉयहूड’ हेच नाव दिले आणि त्या ‘मी’ऐवजी ‘तो’ या तृतीयपुरुषी सर्वनामाने सांगितल्या. दक्षिण आफ्रिकेतील एका गोऱ्या मुलाने शाळेत, घरात, आईच्या आणि बापाच्या संदर्भात मुलगा म्हणून कसे वागावे, कोणत्या शिक्षेला कसे सामोरे जावे, कशाची लाज बाळगावी, याचा तो शोध आहे. येथे ‘बॉय’ हा वयाचा आकडा नसून शिकावा लागणारा, निभावावा लागणारा एक वेष आहे. रिचर्ड लिंकलेटर यांच्या २०१४ च्या त्याच नावाच्या चित्रपटात सहा वर्षांच्या मुलाचे अठराव्या वर्षापर्यंतचे वाढणे दाखविले आहे आणि त्याच्या चित्रीकरणास प्रत्यक्षात सुमारे बारा वर्षे लागली. तेथे हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात.

आपल्याकडील विद्यार्थी हा शब्द पहिल्या अर्थाने उचलतो, किंवा खरे तर त्याहूनही सैल, म्हणजे सरसकट ‘लहानपण’ या अर्थाने. असे का व्हावे? इंग्रजीचे अज्ञान हे कारण सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. आमच्या मते याचे बीज मराठीच्या व्याकरणात आहे.

मराठीने नपुंसकलिंग टिकवून धरले आहे. ‘मूल’, ‘पोर’, ‘लेकरू’, ‘बाळ’ हे शब्द नपुंसकलिंगी आहेत. लहान जीवाला ‘ते’ म्हणण्याची ही सोय हिंदीत नाही. ‘बालपण’, ‘लहानपण’, ‘पोरपण’, ‘बाल्य’ हे शब्द रूपानेही आणि आशयानेही लिंगनिरपेक्ष आहेत. ‘पोरसवदा’ हे विशेषण मुलालाही लागते आणि मुलीलाही. येथवर सारे ठीक. पण विभक्तीप्रत्यय लागला की चित्र पालटते. ‘मूल’ आणि ‘मुलगा’ या दोन्ही शब्दांचे सामान्यरूप व्यवहारात ‘मुला-’ असे एकच होते. ‘मुलाचे पाय पाळण्यात दिसतात’ या म्हणीतील मूल कोणते? व्याकरणाने ते कोणतेही असू शकते. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मात्र बहुधा मुलगाच येतो. अनेकवचनात हा संदेह अधिक वाढतो. १९२७ पासून नागपुरात निघालेल्या ‘मुलांचे मासिक’ या नावातील ‘मुले’ म्हणजे सर्व बालवाचक. गावातील ‘मुलांची शाळा’ या पाटीवरील ‘मुले’ म्हणजे केवळ मुलगे. शब्द एकच, प्रत्यय एकच, अर्थ दोन. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात शाळा काढली. तिचा उल्लेख आपण आजही ‘मुलींची शाळा’ असाच करतो, कारण तोवर नुसती ‘शाळा’ म्हटले की ती मुलग्यांची हे सांगावे लागत नव्हते. बालभारतीने १९७१ मध्ये सुरू केलेल्या मासिकाचे नाव ‘किशोर’ आहे. ते मुली आवडीने वाचत आल्या, आपण वगळल्या गेलो असे त्यांना कधी वाटले नसेल. नावातील पुल्लिंग मात्र पुल्लिंगच राहिले.

तात्पर्य, मराठीत ‘मुलगा’ हा ‘मूल’ या शब्दाच्या आड सहज लपतो. ‘बालपण’ हा शब्द निःपक्षपाती दिसतो आणि आत मुलग्याचे लहानपण वाहून नेतो. आपला विद्यार्थी ‘बॉयहूड’ लिहितो तेव्हा त्याच्या मनात ‘बालपण’ असते. पण त्या ‘बालपणा’त आधीपासूनच मुलगा बसलेला असल्यामुळे त्याला आपली चूक जाणवत नाही. या दृष्टीने पाहता ही चूक मोठी बोलकी आहे.

वयोवस्थांच्या संस्कृत नावांनी येथे मदत व्हावी, पण तीही पूर्ण होत नाही. भागवताच्या टीकापरंपरेत पाचव्या वर्षापर्यंत कौमार, दहाव्यापर्यंत पौगंड आणि पंधराव्यापर्यंत कैशोर अशी वाटणी सांगितली जाते. ती कृष्णलीलेच्या संदर्भात आली आहे, म्हणजे एका मुलग्याच्याच लीलांच्या संदर्भात. आजच्या मराठीत हे शब्द आपापल्या जागा सोडून गेले आहेत. मुळात पाच ते दहा वर्षांचा वाचक असलेला ‘पौगंड’ आता तेराव्या वर्षापुढे सरकला आहे आणि ‘कुमार’ पाचव्या वर्षाच्या आत मावत नाही. तेव्हा परिभाषाकोशातून एखादा तत्सम शब्द उचलून ‘बॉयहूड’समोर ठेवावा आणि काम भागवावे, हे शक्य दिसत नाही.

कृष्णाचे नाव आलेच आहे तर एक गोष्ट नोंदविली पाहिजे. मराठीत मुलग्यांच्या वयाचे स्वतंत्र वाङ्मय नव्हते असे नाही. संतांच्या काल्याच्या आणि खेळांच्या अभंगांत विटीदांडू, चेंडूफळी, हमामा, हुंबरी असे खेळ येतात. गोपाळ, पेंद्या, शिदोऱ्यांची वाटावाटी येते. तेथे गाई राखणे हे काम आहे आणि तेच खेळणेही आहे. खेळणाऱ्यांना पुढे काय व्हायचे आहे याची चिंता त्या खेळांत नाही. याशेजारी भोंडल्याची, हादग्याची गाणी ठेवून पाहावीत. ती म्हणणाऱ्या मुली पाच-सात वर्षांच्या असतात आणि गाण्यांत सासू असते, नणंद असते, माहेरचा मुराळी असतो, सासरचा जाच असतो. मुलींचा खेळ हा पुढील आयुष्याचा सराव आहे, तर मुलग्यांच्या खेळाला असा सराव लागत नाही. ‘बॉयहूड’ आणि त्याचा स्त्रीलिंगी जोडशब्द ‘गर्लहूड’ यांतील अंतर दाखवावयाचे तर याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण. ‘बालगीते’ या एका मथळ्याखाली दोन्ही छापली की ते अंतर पुसले जाते.

कायद्याने हे अंतर आकड्यांत मांडले होते. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलीचे वय दहावरून बारा केले. त्यात मुलग्याचा प्रश्नच नव्हता. १९२९ च्या शारदा कायद्याने विवाहासाठी मुलीचे वय चौदा आणि मुलग्याचे अठरा ठरविले. १९७८ च्या दुरुस्तीने ते अनुक्रमे अठरा आणि एकवीस झाले. म्हणजे मुलग्याचे ‘लहान असणे’ मुलीच्या मानाने आधी चार वर्षे आणि मग तीन वर्षे अधिक टिकते, असे राज्यसंस्थाच म्हणत होती. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म १८६८ चा. अकराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले. रमाबाई रानडे यांचेही लग्न १८७३ मध्ये अकराव्या वर्षीच झाले. ‘स्मृतिचित्रे’मधील आणि ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’मधील लहानपण सासरच्या उंबरठ्याच्या आत घडते. तेथे खोड्या आहेत, हट्ट आहेत, विनोदही आहे, पण ते सारे सुनेच्या पदराखाली. या ग्रंथांविषयी ‘बालपणाचे चित्रण अल्प आहे’ असे शेरे जेव्हा मारले जातात, तेव्हा शेरा मारणाऱ्याच्या मनातील बालपणाचा नमुना मुलग्याचा असतो. मुंजीपासून मॅट्रिकपर्यंतचा काळ त्याने गृहीत धरलेला असतो.

आता शब्द नेमका वापरल्याने काय साधते ते पाहू. ‘श्यामची आई’ हे पुस्तक साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले आणि ते १९३५ मध्ये प्रसिद्ध झाले. मातृप्रेम, संस्कार, कोकणातील दारिद्र्य ही त्याची आशयसूत्रे सर्वपरिचित आहेत. बालपणाचे पुस्तक म्हणून वाचले तर एवढेच हाती लागते. मुलगेपणाचे पुस्तक म्हणून वाचले तर पोहण्याचा प्रसंग एकाएकी मध्यभागी येतो. श्याम पाण्याला भितो, लपून बसतो. एरवी पायांना माती लागू नये म्हणून हट्ट करणाऱ्या मुलासाठी ओले पातळ पसरणारी आई या वेळी हातात शिंपटी घेते. आपल्या मुलाला लोकांनी भित्रा म्हणू नये, ही तिची तळमळ आहे. श्याम फुलांत, गाईत, आईच्या कामांत रमणारा, हळवा मुलगा आहे. त्याला गावाच्या लेखी ‘मुलगा’ करणे हे कामही आईकडेच आले आहे आणि ते करताना ती स्वतः रडते. मुलगेपण निसर्गतः येत नाही, घरातील कोणीतरी ते मुलावर, प्रसंगी मारून, बसवीत असते, हे मराठीत इतक्या साधेपणाने क्वचितच सांगितले गेले असेल. श्यामच्या जागी मुलगी असती तर पोहावयास न जाण्याबद्दल तिला कोणी मारले नसते. बहुधा गेल्याबद्दल मारले असते. ‘बालपण’ या शब्दाने हा प्रसंग वाचता येत नाही, त्याला ‘बॉयहूड’च लागते.

प्रकाश नारायण संतांच्या लंपनविषयी अधिक सावधपणे बोलावे लागेल. ‘वनवास’ (१९९४), ‘शारदा संगीत’ (१९९७), ‘पंखा’ (२००१) आणि ‘झुंबर’ यांतील लंपन आई-बाबांपासून दूर, आजी-आजोबांकडे, बेळगावच्या बाजूच्या कानडीमिश्रित मराठी मुलखात वाढतो. या कथांतील संवेदनशीलता सर्वस्वी बालपणाची आहे की मुलग्याच्या वयाची? वास, आवाज, झाडे, सुरांचे वेड, ‘मॅड’ या शब्दाची त्याची ती लाडकी उधळण, हे सारे कोणत्याही संवेदनशील मुलाचे म्हणता येईल. तेथे आम्ही ‘बालपण’ हाच शब्द ठेवू. पण सुमी आली की लंपनला आपण मुलगा आहोत याची जाणीव होते आणि निवेदनाचा सूर किंचित बदलतो. एकाच कथासंग्रहात दोन्ही संज्ञा लागतात. कोणती कोठे लागते हे शोधणे म्हणजेच त्या कथांचे वाचन करणे होय. मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’ (२००४) या कादंबरीत मात्र असा संदेह उरत नाही. आणीबाणीच्या काळातील नववीचा वर्ग, मुलग्यांची टोळकी, त्यांची सांकेतिक भाषा, मुलींकडे पाहणे आणि त्यावर आपापसांत चालणारी चर्चा, या साऱ्याचा मुकुंद जोशी हा साक्षीदारही आहे आणि भागीदारही. शिरोडकर ही मुलगी आपल्याला जवळजवळ पूर्णपणे त्याच्या नजरेतूनच दिसते. या कादंबरीला ‘शालेय जीवनाचे चित्रण’ म्हणणे म्हणजे शिरोडकरचे शालेय जीवनही तिच्यात आले आहे असे मानणे. ते आलेले नाही आणि हा कादंबरीचा दोषही नव्हे. ती ‘बॉयहूड’ची कादंबरी आहे एवढे म्हटले की हिशेब जुळतो.

बालकुमार वाङ्मयाबद्दल थोडक्यात. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे ही नावे घेतली की पुरे. फुरसुंगीचा बनेश फेणे सायकलवरून पुण्यात कोठेही जाऊ शकतो, यावर त्या सर्व कथांचा डोलारा उभा आहे. संध्याकाळी घरी परत ये, असे त्याला कोणी सांगत नाही.

परंतु ‘बॉयहूड’ या संज्ञेला मर्यादाही आहे, आणि ती न ओळखता ती सर्वत्र लावली तर पहिल्याइतकीच मोठी चूक होईल. इंग्रजी वाङ्मयात रुजलेल्या या कल्पनेत मोकळा वेळ, शाळा, सवंगडी, थोडेफार साहस आणि पाठीशी बापाचे नाव, एवढे गृहीत असते. आनंद यादवांच्या ‘झोंबी’त (१९८७) मुलगा शाळेसाठी धडपडतो आणि बाप त्याला मळ्याला जुंपतो. घरात मुलगा आहे म्हणजे राबणारे दोन हात आहेत, हा तेथील मुलगेपणाचा अर्थ. दया पवारांच्या ‘बलुतं’मधील (१९७८) दगडू मुंबईचा कावाखाना आणि गावचा महारवाडा यांच्यामध्ये हेलकावत वाढतो. ‘अक्करमाशी’त (१९८४) शरणकुमार लिंबाळे यांच्या निवेदकापुढे बापाचे नाव काय लावायचे, हाच शाळेच्या दारातील पहिला प्रश्न आहे. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’त (१९८०) गाढवाच्या पाठीवरील बिऱ्हाडाबरोबर चालत राहणे हेच लहानपण आहे.

किशोर शांताबाई काळे यांच्या ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४) या आत्मकथनाचे शीर्षक या संदर्भात विशेष अभ्यासण्यासारखे आहे. लेखकाने येथे ‘पोरगा’ लिहिलेले नाही, ‘पोर’ लिहिले आहे. आणि नावात बापाच्या जागी आईचे नाव आहे. ज्या समाजात तमाशात नाचणाऱ्या मुलींच्या कमाईवर घरे चालतात, तेथे मुलगा जन्मल्याचे कौतुक नसते. अन्यत्र मुलगेपण हा अधिकार असतो, येथे तो अडगळ ठरतो. शीर्षकातील नपुंसकलिंग ही बोलीतील सहज लकब असेलही, पण त्यातील हेटाळणी आणि उघडेपण कोणत्याही संज्ञेपेक्षा अधिक सांगते. याला ‘कोल्हाटी बॉयहूड’ म्हणणे शक्य आहे. पण ते म्हणताना हा शब्द येथे उलटा झाला आहे, हे सांगणे समीक्षकाचे काम आहे.

स्त्रियांच्या दलित आत्मकथनांकडे पाहिले तर प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये ‘मी’ अनेकदा ‘आम्ही’त विरघळतो. मुलीचे लहानपण साऱ्या महारवाड्याच्या जिण्यापासून वेगळे काढता येत नाही. ऊर्मिला पवार यांच्या ‘आयदान’मध्ये (२००३) आईचे टोपल्या विणणे मुलीच्या वाढण्यावर सतत सावली धरून असते. येथे ‘बॉयहूड’ तर नाहीच, पण ज्या अर्थाने श्यामला आणि लंपनला बालपण आहे त्या अर्थाने बालपणही नाही. अभ्यासकांनी या आत्मकथनांसाठी ‘बालपण’ हे प्रकरण योजावे आणि ते तीन पानांत संपावे, असे पुष्कळदा घडते. ते प्रकरणाच्या नावामुळे घडते.

भाषा पुस्तकांतच राहत नाही. पुण्याच्या पश्चिमेस पवनेच्या काठचे पुनावळे हे गाव १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आले. शेजारी रावेत, ताथवडे, वाकड आणि पलीकडे हिंजवडीचे संगणक-उद्यान. या पट्ट्यात ‘बॉय’ हा शब्द आता रोजच्या मराठीतला आहे आणि त्याचा वयाशी जवळजवळ संबंध उरलेला नाही. ‘ऑफिस बॉय’ चाळिशीचा असतो, ‘वॉर्डबॉय’ निवृत्तीला आलेला असतो, ‘डिलिव्हरी बॉय’ दोन मुलांचा बाप असू शकतो. ‘बॉईज पीजी’ अशा पाट्यांमागे विशीतले अभियंते राहतात. इंग्रजीत ज्या शब्दाने आपला प्रवास चाकर या अर्थापासून सुरू केला तो औद्योगिक महाराष्ट्रात येऊन पुन्हा त्याच अर्थाला पोहोचला, असे म्हणावे लागते. त्याला आधीच एक मराठी सोबती होता. हॉटेलातील ‘पोऱ्या’ हा शब्द वयाने लहान आणि कामाने चाकर अशा दोन्ही अर्थांनी आपण फार पूर्वीपासून वापरतो. १९८६ च्या बालकामगारविषयक कायद्याने चौदा वर्षांखालील मुलांना ठरावीक धोक्याच्या कामांत बंदी केली आणि २०१६ च्या दुरुस्तीने चौदा ते अठरा वयाच्या ‘किशोरवयीनां’ची वेगळी नोंद घेतली. चहाच्या टपरीवरील ‘पोऱ्या’ या शब्दाने मात्र कायदा वाचलेला नाही.

याच गावातील जुन्या घरांत ‘पोरं’ हा शब्द आणखी वेगळ्या अर्थाने ऐकू येतो. ‘पोरांनी मंडळ काढलं’, ‘पोरं जमली’ असे म्हणताना बोलणाऱ्याच्या मनात तिशीतील भावकीचे तरुणही असतात. मुली नसतात. नपुंसकलिंगी अनेकवचन आणि पूर्णतः पुरुषवाचक अर्थ! ‘प्वार’ असा उच्चार करणारी एखादी वृद्धा नातीलाही ‘माझं प्वार’ म्हणते, पण ‘पोरं’ म्हटले की नात बाहेर पडते. व्याकरणाच्या पुस्तकात ज्याची नोंद होत नाही असा हा लिंगभेद अनेकवचनात घडतो. पिंपरी-चिंचवड परिसरातील महाविद्यालयांत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी आपल्याच घरची ही बोली टिपून घेतली, तर ती एखाद्या उसन्या सिद्धान्तापेक्षा अधिक उपयोगी पडेल.

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, मराठीत लिहिताना इंग्रजी शब्द कशाला? पर्यायी शब्द काढावा. तो काढता येईल. ‘मुलगेपण’ हा शब्द या लेखात आम्ही वापरलाच आहे आणि तो कानाला अगदीच परका वाटत नाही. ‘बाईपण’, ‘पुरुषपण’ हे शब्द ज्या मार्गाने समीक्षेत आले त्याच मार्गाने तोही येऊ शकतो. ‘पोरवय’ गोड आहे, पण तो वयाचाच वाचक राहतो आणि मुलीलाही चालतो, म्हणून या कामाला निरुपयोगी. ‘कुमारत्व’ हा शब्द अन्य अर्थछटांनी इतका भारलेला आहे की तो न वापरणेच बरे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मराठीजवळ ‘मूल’ हा लिंगनिरपेक्ष शब्द आहे ही तिची श्रीमंती असताना लहान मुलांतही लिंगभेदाची भिंत उभी करणारी संज्ञा आपण कशासाठी आणावी? याला उत्तर असे की, भिंत संज्ञेने उभी केलेली नाही. ती भोंडल्याच्या गाण्यात, ‘मुलांची शाळा’ या पाटीत, शारदा कायद्याच्या दोन आकड्यांत आधीच उभी आहे. ‘बालपण’ हा शब्द खरोखरीच दोघांचा राहावा असे वाटत असेल, तर ज्या ठिकाणी तो एकाचाच आहे तेथून त्याला हलविले पाहिजे.

व्यवहारात याचा अर्थ असा की, वयाचा टप्पा सांगावयाचा असेल तर विद्यार्थ्याने ‘शालेय वय’, ‘कुमारवय’ किंवा सरळ ‘आठव्या ते बाराव्या वर्षांदरम्यान’ असे लिहावे. तेथे ‘बॉयहूड’चे काम नाही. मुलगा असणे हाच जेथे अनुभवाचा विषय आहे, म्हणजे मार, मर्दुमकी, बापाचे नाव, टोळके, रडू आवरणे, मोकळे फिरणे, तेथे ‘मुलगेपण’ किंवा ‘बॉयहूड’ लिहावे आणि लिहिल्यावर ते त्या कृतीत कोणत्या वाक्यात, कोणत्या प्रसंगात आले आहे ते दाखवावे. दाखविता येत नसेल तर शब्द काढून टाकावा. आणि प्रबंधात ‘बालपण’ असे प्रकरण असेल, तर अभ्यासलेल्या ग्रंथांपैकी किती मुलींचे आहेत ते त्याच प्रकरणाच्या पहिल्या पानावर नमूद करावे. मार्गदर्शकांनी एवढा आग्रह धरला तरी पुष्कळ प्रकरणांची नावे बदलावी लागतील. पदव्युत्तर वर्गात ‘श्यामची आई’मधील पोहण्याचा प्रसंग आणि ‘स्मृतिचित्रे’मधील लग्नानंतरची पहिली काही पाने एकाच तासाला शेजारी शेजारी ठेवून वाचावीत, ही सूचना येथे करून ठेवतो. दोन्ही ग्रंथ एका वर्षाच्या अंतराने, १९३४ आणि १९३५ मध्ये, वाचकांपुढे आले होते.